उत्रेख्त : हिवाळ्यातला मुक्काम आणि सायकलवरून पाहिलेले शहर

सह्यवाट (धागाकर्ती)

नेदरलँड्सला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी एप्रिल-मे महिन्यांत ट्युलिपची शेते पाहतात, ॲमस्टरडॅममध्ये दोन-तीन दिवस काढतात आणि पुढच्या देशाची गाडी पकडतात. मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने मला मात्र उत्रेख्त शहरात ऐन हिवाळ्यात राहायला मिळाले. ‘या दिवसांत तिथे काय पाहणार?’ असे निघताना अनेकांनी विचारले होते. त्यांच्यासाठी आणि पुढे तिकडे जाणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. उत्रेख्तचा इतिहास उंच इमारतींपेक्षा फरसबंदीत, पाण्याच्या काठाला आणि जुन्या तटाच्या वळणांत अधिक आहे. तो बसच्या खिडकीतून दिसत नाही आणि पायी सगळा आवाक्यात येत नाही, म्हणून तो सायकलवरूनच पाहावा. आणि झाडांची पाने गळून गेलेली असताना पाहावा, कारण तेव्हा मध्ये काहीच येत नाही.

डोम, म्हणजे शहराचे मुख्य चर्च; त्याच्या चौकातून, डोम चौकातून, सुरुवात करावी. इसवी सन ४७च्या सुमारास रोमनांनी ऱ्हाईन नदीच्या काठी येथे किल्ला उभारला, कारण ऱ्हाईन ही त्यांच्या साम्राज्याची उत्तरेकडची सीमा होती. ही सीमारेषा २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्या किल्ल्याच्या तटाची जागा चौकाच्या फरसबंदीत धातूची पट्टी बसवून दाखवलेली आहे. त्याच चौकात ११२ मीटर उंचीचा डोमचा मनोरा आहे, ज्याचे बांधकाम १३२१ ते १३८२ या काळात झाले. मनोरा आणि चर्च आज एकमेकांपासून तुटलेले दिसतात, कारण १ ऑगस्ट १६७४ रोजी आलेल्या भीषण वादळात या दोहोंना जोडणारा चर्चचा मधला भाग कोसळला. त्याचे दगडविटांचे ढिगारे तिथे दीडशे वर्षे पडून होते आणि १८२६ साली ते उचलले गेले. आता त्या रिकाम्या जागेवर पडलेल्या खांबांच्या खुणा फरसबंदीत वेगळ्या रंगाच्या दगडांनी दाखवल्या आहेत. सकाळी शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या सायकलींची रांग मनोऱ्याच्या पायथ्याच्या कमानीतून बाहेर पडते आणि त्याच जागेवरून पुढे जाते.

तिथून दोन मिनिटांवर औदेग्राख्त, म्हणजे जुना कालवा आहे. या कालव्याची बांधणी मी इतरत्र कुठे पाहिली नाही. रस्ता वरच्या पातळीवर, त्याच्या खाली पाण्यालगत दगडी धक्का आणि धक्क्यातून थेट रस्त्याच्या पोटात शिरणारी मध्ययुगीन तळघरे अशी ही दुमजली रचना आहे. नावेतून उतरलेला माल तळघरातून वरच्या घरात किंवा दुकानात नेता यावा, यासाठी ती केलेली होती. उन्हाळ्यात या धक्क्यांवर उपाहारगृहांची टेबले मांडलेली असतात आणि झाडांच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात. हिवाळ्यात टेबले आत जातात, धक्का मोकळा होतो आणि तळघरांच्या कमानी ओळीने दिसू लागतात. कठड्यावरच्या दिव्यांच्या खांबांखाली कोरीव दगडी आधार आहेत, त्यांच्याकडे अवश्य लक्ष द्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्पकारांकडून मुद्दाम करून घेतलेले असे शेकडो आधार शहरभर आहेत, आणि त्यांवर त्या त्या जागेच्या कथा, धंदे आणि प्राणी कोरलेले आहेत. समोरच्या काठावर सायकल थांबवून पाहिल्यास ते सर्वांत चांगले दिसतात.

याच कालव्याच्या काठी फरसबंदीच्या दगडांवर एक कविता कोरली जात आहे. २ जून २०१२ रोजी ती लोकांसमोर आली. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी एक पाथरवट येऊन एका दगडावर एकच अक्षर कोरतो, आणि शनिवार येत राहतील तोवर कविता चालू ठेवायची असा संकल्प आहे. ठरावीक काळाने कवी बदलतो, पण ओळ तुटत नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी मी हे काम जवळून पाहिले. पाथरवट गुडघ्यांखाली जाड गादी घेऊन बसला होता, बारीक छिन्नीने आधी अक्षराची कड धरत होता आणि मग आतला दगड काढत होता. भुकटी ओलसर असल्यामुळे ती उडत नव्हती, छिन्नीला चिकटत होती आणि तो ती दर थोड्या वेळाने बोटाने पुसत होता. लहान मुले आईवडिलांच्या सायकलींच्या पुढच्या आसनावरून हे सारे टक लावून पाहत होती.

थंडीबद्दल थोडक्यात सांगते. जानेवारीत दिवसाचे सरासरी तापमान तीन-चार अंशांच्या आसपास असते, बर्फ क्वचित पडतो, पण रिमझिम पाऊस आणि नैर्ऋत्येकडून येणारा वारा यांना तयार राहावे लागते. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. त्यामुळे सकाळी घाई न करता न्याहारी करून निघावे आणि महत्त्वाचे बाहेरचे पाहणे दुपारी तीनच्या आत उरकावे, हे उत्तम.

मुठाकाठ

धागा अतिशय आवडला. माझे वय साठीच्या पुढे आहे आणि पुण्यात सायकल चालवणे मी पंधरा वर्षांपूर्वी सोडले. डिसेंबरमध्ये मुलाकडे जाणार आहे, त्याचे घर उत्रेख्तपासून जवळ आहे. ओल्या रस्त्यावर, उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत या वयात सायकल चालवणे कितपत शहाणपणाचे आहे, हे आपण किंवा तिकडे राहणाऱ्या कुणीतरी मोकळेपणाने सांगावे.

आमर्सफोर्टकर

@मुठाकाठ, मी या भागात बरीच वर्षे राहतो. आपण सायकल चालवू शकता, पण पहिले काही दिवस आपल्या भागातल्या शांत रस्त्यांवर सराव करावा आणि मगच उत्रेख्तच्या मध्यभागात शिरावे. तिथल्या फ्रेडेनबुर्ख रस्त्यावरून दिवसाला तीस हजारांहून अधिक सायकली जातात. सकाळी आठ ते नऊ या वेळेत तिथे शिकाऊ माणसाने जाऊ नये, कारण मोटारींपेक्षा मागून येणाऱ्या सायकलींचाच दबाव अधिक येतो.

काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. त्यांची टोके आपल्याकडे असतील तर समोरून आडव्या जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. कोणतीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वळण्यापूर्वी हात दाखवावाच. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे, आणि हिवाळ्यात पोलीस तो तपासतातही. जुलै २०१९पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे बेकायदा आहे, त्यामुळे नकाशा पाहायचा असेल तर कडेला थांबावे.

धागाकर्तीच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. बर्फ क्वचित पडतो हे खरे, पण खरा धोका बर्फाचा नाहीच. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडून जो पारदर्शक थर तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. नगरपालिका मुख्य सायकलमार्गांवर पहाटेच मीठ टाकते, तरी पूल, गल्लीबोळ आणि कालव्याकाठचे विटांचे रस्ते निसरडे राहतात. अशा दिवशी हवामान खात्याचा इशारा असतो. तो पाहावा आणि सायकल घरी ठेवावी.

सह्यवाट

@आमर्सफोर्टकर, आपण सांगितलेली काळजी आवश्यकच आहे. इशारा असेल त्या दिवशी संग्रहालये पाहावीत. स्पोर्वेख म्युझियम, म्हणजे जुन्या रेल्वे स्थानकात असलेले रेल्वे संग्रहालय, किंवा डोम चौकाखालचे उत्खनन, जिथे हातात दिवा घेऊन रोमन काळापासूनचे थर पाहता येतात, ही दोन्ही ठिकाणे अशा दिवसांसाठी फार चांगली आहेत.

@मुठाकाठ, सायकल निवडताना एक सुचवते. उलटे पायडल मारले की लागणारा मागचा ब्रेक तिकडच्या बऱ्याच सायकलींना असतो. आपल्याला त्याची सवय नसते, पण तो ओल्यात दगा देत नाही आणि हातमोजे जाड असले तरी अडचण येत नाही. सीट मात्र विक्रेता सुचवील त्यापेक्षा थोडी खाली करून घ्यावी, म्हणजे थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात. काही महिन्यांसाठी दरमहा भाड्याने सायकल देणाऱ्या कंपन्या आहेत. पुढचे टायर निळे असलेल्या स्वापफीट्सच्या सायकली आपल्याला जागोजागी दिसतील. सायकल बिघडली तर ती दुरुस्त करून किंवा बदलून मिळते, ही मोठी सोय आहे. कपड्यांत पावसाची विजार सर्वांत महत्त्वाची, कारण कोट गुडघ्यांपर्यंतच वाचवतो.

शिलालेख

रोमन सीमा आणि डोमचा उल्लेख वाचून आनंद झाला. मला एक भर घालावीशी वाटते. वैदिक वाङ्मयाच्या अभ्यासकांना उत्रेख्तचे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. १६३६ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठात विलेम कालांद हे संस्कृतचे प्राध्यापक होते. श्रौतसूत्रांवर आणि यज्ञविधींवर त्यांनी केलेले काम आपल्याकडच्या अभ्यासकांनाही आधारभूत ठरले. त्यांच्यानंतर १९३२पासून यान गोंडा यांनी ती परंपरा दीर्घकाळ चालवली आणि भारतीय साहित्याच्या इतिहासाच्या बहुखंडी प्रकल्पाचे संपादन केले. आपण विद्यापीठाच्या जुन्या इमारतीजवळ गेलात का? ती डोम चौकातच आहे असे ऐकून आहे.

सह्यवाट

हो, ती चौकाच्या एका कोपऱ्यातच आहे. १५७९ साली उत्तरेकडच्या प्रांतांनी स्पेनच्या राजाविरुद्ध ज्या करारावर सह्या केल्या, तो उत्रेख्तचा करार याच इमारतीतल्या जुन्या सभागृहात झाला असे मानले जाते. पुढच्या डच प्रजासत्ताकाचा पाया त्या कराराने घातला. तिथून क्रोम्मे न्यूवेग्राख्त या वळणदार कालव्याच्या काठाने गेले की पाउसहाउझे ही १५१७ साली बांधायला घेतलेली वास्तू लागते. उत्रेख्तमध्ये जन्मलेल्या एका धर्मगुरूंनी ती स्वतःसाठी बांधून घेतली होती; पण १५२२ साली ते सहावे एड्रियन या नावाने पोप झाले, रोमला गेले आणि पुढच्याच वर्षी वारले, त्यामुळे त्या घरात राहणे त्यांच्या नशिबी आले नाही. या कालव्याला वळण का आहे, हेही पाहण्यासारखे आहे. ते धर्मपीठाच्या जुन्या हद्दीच्या कडेने गेलेले आहे, आणि सायकलचे हँडल वळवताना ती हद्द हातांना कळते.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. आता मनातला दुसरा प्रश्न विचारतो. आमच्या लहानपणी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यांचे भोंगे झाले की लक्ष्मी रोडवर सायकलींचे लोंढे निघत. ते सारे आमच्या डोळ्यांदेखत गेले. उत्रेख्तचे तसे का झाले नाही? डच माणसाचा स्वभाव, सपाट जमीन आणि पैसा एवढ्यावरच हे सगळे टिकले का?

आमर्सफोर्टकर

उत्रेख्तचेही तसेच होऊ घातले होते, आणि काही भागांत झालेही होते. साठ-सत्तरच्या दशकांत इथेही मोटारींसाठी घरे पाडली गेली, चौकांचे वाहनतळ झाले. १९७१च्या सुमारास या छोट्या देशात रस्त्यांवर वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे मरत होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाने आईवडिलांची चळवळ उभी राहिली आणि लोक रस्त्यांवर बसले. १९७३च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारींवर बंदी घातली, तेव्हा मोकळे रस्ते कसे असतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सपाट जमीन पूर्वीही होती आणि पैसाही होता; धोरण बदलले ते लोकांच्या रेट्यामुळे.

सह्यवाट

या प्रश्नाचे उत्तर उत्रेख्तमध्ये सायकलवर बसून पाहता येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या शहराभोवती पाण्याचा खंदक आहे, त्याला सिंगेल म्हणतात. तटबंदी निकामी झाल्यावर एकोणिसाव्या शतकात यान डेव्हिड झोखर या बाग-रचनाकाराने तटाच्या जागी खंदकाच्या कडेने बाग आखली. हा सुमारे सहा किलोमीटरचा फेरा आहे आणि सायकलवरून तो रमतगमत तासाभरात होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्थानकाजवळच्या भागातला खंदक कोरडा करून त्याच्या तळातून मोटारींचा द्रुतमार्ग नेण्यात आला. नऊशे वर्षांचे पाणी काढून डांबर ओतले, असे तिथली वयस्कर माणसे आजही हळहळून सांगतात. २००२ साली नागरिकांनी मतदानाने स्थानक परिसराचा नवा आराखडा निवडला, त्यात हे पाणी परत आणणे होते, आणि १२ सप्टेंबर २०२० रोजी खंदकाचा अखेरचा तुकडा पाण्याने भरून वर्तुळ पूर्ण झाले. हिवाळ्यात तिथून जाताना जुनी झाडे आणि नवी झाडे यांच्या बुंध्यांतला फरक सहज दिसतो. बुंधे बारीक झाले की समजावे, येथे द्रुतमार्ग होता.

तिथेच स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तीन मजली वाहनतळ आहे. २०१९ साली तो पूर्ण झाला तेव्हा जगातला सर्वांत मोठा ठरला. सायकलवरून न उतरता उतरणीने आत जाता येते, कोणत्या ओळीत किती जागा रिकाम्या आहेत हे फलकांवर दिसते, आणि पहिले चोवीस तास पैसे पडत नाहीत. पावसात चिंब भिजलेली माणसे तिथे सायकल ठेवून पाच मिनिटांत रेल्वेच्या फलाटावर पोहोचतात. मला या शहराबद्दल खरा आदर वाटला तो इथे. ऊन असताना सायकल चालवणारे कुठेही मिळतात; फेब्रुवारीच्या सकाळी अंधारात, वाऱ्यात, आजीपासून नातवापर्यंत सर्वांना सायकल हेच सोयीचे वाटावे, यासाठी सार्वजनिक पैसा आणि विचार किती बारकाईने खर्च करावा लागतो, ते त्या वाहनतळात उभे राहिल्यावर समजते. @मुठाकाठ, पुण्याने सायकली गमावल्या त्याच काळात या शहरानेही पाणी गमावले होते, पण इथल्या लोकांनी ते परत मागितले आणि आणले.

ओलेखोबरे

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न साधा आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हिवाळ्यात बाहेर फिरताना गरम असे काय खावे?

आमर्सफोर्टकर

सुक्या वाटाण्याचे दाट सूप हा इथला हिवाळ्याचा मुख्य पदार्थ आहे, पण त्यात डुकराचे मांस असते. शाकाहारी मिळेल का, हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी मिळते. डिसेंबरमध्ये रस्तोरस्ती तळलेले गोल गोड ओलीबोलेन मिळतात, ते मनुका घातलेले घ्यावेत. बहुतेक वेळा पिठात अंडे असते, एवढे लक्षात ठेवावे. चीजचे सँडविच आणि गरम चॉकलेट कुठेही मिळते.

शिलालेख

शहराबाहेर सायकलवरून जाण्यासारखे, एका दुपारचे ठिकाण कोणते? आणि वाऱ्याचे काय करावे? सपाट देशात समोरचा वारा हाच घाट असतो, असे तिकडून आलेला एक मित्र सांगत होता.

सह्यवाट

क्रोम्मे राइन नदीच्या काठाने आग्नेयेला आमेलिसवेर्ड आणि राइनाउवेन येथे जावे. शहराच्या मध्यापासून हे अंतर पाच-सहा किलोमीटर आहे. ही एके काळी ऱ्हाईनची मुख्य धार होती. ११२२ साली वरच्या अंगाला वाइक बाय ड्यूरस्टेडे येथे बांध घालून ती रोखली, आणि त्याच वर्षी उत्रेख्तला शहराचे हक्क मिळाले. आज ती एखाद्या ओढ्याएवढी आहे, पण तिची वळणे मोठ्या नदीची आहेत, हे उघड्या झाडांतून लगेच कळते. १९८२ साली द्रुतमार्गासाठी आमेलिसवेर्डची झाडे तोडण्यात आली, तेव्हा माणसे झाडांवर चढून बसली होती. तो मार्ग आजही जंगलाच्या कडेने जातो आणि त्याचा आवाज काही अंतर आपल्यासोबत राहतो. पुढे राइनाउवेनचा किल्ला लागतो. तो शत्रू आल्यास सखल जमीन पाण्याखाली घालण्याच्या संरक्षणरेषेचा भाग होता, आणि ही रेषाही २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आली. किल्ल्याच्या आत हिवाळ्यात प्रवेश मिळेलच असे नाही, पण त्याचा खंदक आणि मातीचे तट बाहेरूनही नीट दिसतात. जाताना प्रिन्स हेन्ड्रिकलान रस्त्यावरचे, वास्तुकार रीटफेल्ड यांचे १९२४चे रीटफेल्ड श्रोडर घर पाहून घ्यावे. त्याला आत जाण्यासाठी वेळ आधी ठरवावी लागते.

वाऱ्याबद्दल विचारलेत, तर उत्रेख्त हे त्यासाठी अगदी योग्य गाव आहे. सिंगेलच्या फेऱ्यात सोनेनबोर्ख नावाचा सोळाव्या शतकातला बुरूज लागतो. तिथे एकोणिसाव्या शतकात हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी वेधशाळा उभारली, आणि १८५४ साली स्थापन झालेली डच हवामानसंस्था त्यांनी तिथूनच चालवली. पुढे ती जवळच्या दे बिल्ट गावात गेली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो, हा त्यांचा नियम आपण भूगोलात शिकलो आहोत. आवाज जवळ येताना उंच आणि दूर जाताना खाली का होतो, हे तपासण्यासाठी १८४५ साली त्यांनी उत्रेख्त-ॲमस्टरडॅम लोहमार्गावर, मार्सेनजवळ, उघड्या डब्यात वादक बसवून प्रयोग केला होता. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न वाईट हवेने बिघडला आणि जूनमध्ये तो यशस्वी झाला.

सायकलस्वाराने त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट सोपी आहे. निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी आणि जाताना वारा अंगावर घ्यावा, म्हणजे दमलेल्या अवस्थेत परतताना तो पाठीशी राहतो. हिवाळ्यात तो बहुधा नैर्ऋत्येचा असल्यामुळे आग्नेयेच्या या वाटेवर तो जाता-येता बाजूने लागतो. उत्तरेला फेख्त नदीच्या काठाने झाउलन किल्ल्याकडे जायचे असेल तर मात्र परतीचा वारा समोरूनही येऊ शकतो, म्हणून ती वाट शांत हवेच्या दिवसासाठी ठेवावी आणि तिथून तीनच्या आत निघावे.